दारावरून परतलेले रोगी

रुग्णालयाच्या दारीं येणाऱ्या रोग्यांत दोन प्रकारचे रोगी असे असतात कीं, ज्यांना पाहतांच वैद्याच्या कपाळाला आठी पडावी. पहिला मद्यपी. त्याचे हात कांपत असतात, यकृत सुजलेलें असतें, संसार विस्कटलेला असतो. पण त्याच्याविषयींचा निकाल आधींच ठरलेला असतो. हा रोग नव्हे, हा दुर्गुण आहे. याला औषध नको, लाज हवी. दुसरा रोगी पोटांत कळ येते, छातींत धडधडतें, अन्न जिरत नाहीं, अशी तक्रार घेऊन येतो. त्याचें रक्त तपासलें जातें, क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें जातें, आणि कोठेंच कांहीं न सांपडल्यामुळें त्याला सांगण्यांत येतें कीं, तुला कांहींहि झालेलें नाहीं, हे सारे मनाचे खेळ आहेत. पहिल्याचें दुःख अपराध म्हणून आणि दुसऱ्याचें दुःख भास म्हणून दारावरूनच परत पाठविलें जातें.

विसाव्या शतकांत या दोन रोग्यांना आंत घेण्यासाठीं मनोविकारशास्त्राच्या दोन शाखा उभ्या राहिल्या. एक व्यसनांचा अभ्यास करणारी. दुसरी मन आणि शरीर यांचे परस्परसंबंध शोधणारी, जिला पाश्चात्य देशांत सायकोसोमॅटिक मेडिसिन आणि आपल्याकडे मनःशारीर वैद्यक असें म्हणतां येईल. या शाखांचा इतिहास म्हणजे केवळ औषधांचा इतिहास नव्हे. विद्यापीठांत आयुष्य वेंचलेल्या माणसांनीं लोकांच्या पूर्वग्रहांशीं, आणि त्याहूनहि कठीण म्हणजे स्वतःच्या आवडत्या मतांशीं, केलेल्या झगड्याचा तो इतिहास आहे. अमेरिकेंतील जॉर्ज एंगल आणि इंग्लंडांतील ग्रिफिथ एडवर्ड्स या दोघांचीं चरित्रें त्या दृष्टीनें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. दोघांचें क्षेत्र निराळें, शिक्षण निराळें, स्वभावहि निराळे. परंतु ज्या निबंधांमुळें दोघांचीं नांवें राहिलीं, ते निबंध १९७७ या एकाच सालीं प्रसिद्ध झाले, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

या दोघांनीं आपले विचार शून्यांतून निर्माण केले नव्हते. ब्रिटिश आरमाराचे वैद्य टॉमस ट्रॉटर यांनीं १८०४ सालींच दारूबाजीवर स्वतंत्र निबंध लिहून ही संवय मनाचा एक रोग आहे असें प्रतिपादन केलें होतें. पण पुढें शंभर वर्षें हा प्रश्न वैद्यांपेक्षां धर्मोपदेशकांकडे आणि न्यायाधीशांकडेच अधिक जात राहिला. मनःशारीर वैद्यकाची मांडणी त्यामानानें अर्वाचीन. अमेरिकेंत हेलन फ्लँडर्स डनबार या विदुषीनें १९३५ सालीं भावना आणि शारीरिक विकृति यांवरील तोंवरचें सारें संशोधन एका ग्रंथांत एकत्र केलें, आणि १९३९ सालीं या विषयाला वाहिलेलें स्वतंत्र नियतकालिक निघालें. बुडापेस्ट येथें जन्मलेले फ्रान्झ अलेक्झांडर यांनीं १९३२ सालीं शिकागो येथें मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली. जठरांतील व्रण, दमा, रक्तदाब अशा कांहीं विकारांच्या मुळाशीं विशिष्ट प्रकारचा मानसिक संघर्ष असतो, असें त्यांचें म्हणणें होतें. हा सिद्धान्त मोठा आकर्षक होता. आकर्षक सिद्धान्ताची परीक्षा मात्र उशिरां होते, हेंहि पुढें दिसून आलें.

जॉर्ज एंगल यांचा जन्म १० डिसेंबर १९१३ रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. फ्रँक हा त्यांचा जुळा भाऊ. दोघे दिसण्यांत एकमेकांची प्रतिकृति. हृदयविकारांचे नामांकित वैद्य इमॅन्युएल लिबमन यांच्या घरीं, त्यांच्या आप्तांत, हीं मुलें वाढलीं. रोग म्हणजे शरीरांतील बिघाड; तो डोळ्यांनीं पहावा, हातांनीं चांचपावा, प्रयोगशाळेंत मोजावा, हा संस्कार त्यांच्यावर बाळपणींच झाला. दोघे भाऊ जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत वैद्यक शिकले आणि १९३८ सालीं जॉर्ज पदवीधर झाले. रोगांत मनाचा भाग असतो असें कोणी म्हटलें कीं या तरुण वैद्याला तें पटत नसे. १९४१ सालीं ते बॉस्टन येथें सोमा वाइस या थोर वैद्यांच्या हाताखालीं गेले. तेथें वाइस यांच्याबरोबर जॉन रोमॅनो हे मनोविकारवैद्य रोग्यांच्या खाटांजवळून फिरतात, आणि वाइस त्यांचें ऐकतात, हें पाहून त्यांना आश्चर्य वाटलें.

वाइस १९४२ सालीं अकालीं वारले. रोमॅनो आणि एंगल प्रथम सिनसिनाटी येथें आणि १९४६ सालीं रॉचेस्टर येथें गेले. दोघांनीं मिळून जें पहिलें मोठें काम केलें तें तापांत वा अन्य गंभीर आजारांत बरळणाऱ्या रोग्यांवर. अशा रोग्याच्या मेंदूंतील विद्युत्तरंग मंदावतात आणि तो शुद्धीवर येऊं लागला कीं तरंगहि पूर्ववत् होऊं लागतात, असें त्यांनीं दाखविलें. ज्याला सारे मनाचा भ्रम म्हणत होते तो मेंदूच्या व्यापाराशीं बांधलेला होता. एंगल मनाकडे वळले ते असे शरीराच्या वाटेनें. पुढें त्यांनीं मनोविश्लेषणाचें रीतसर शिक्षण घेतलें आणि रॉचेस्टर येथें वैद्यक व मनोविकारशास्त्र अशा दोन्ही विभागांत ते अध्यापक झाले.

त्यांच्या संशोधनांतील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण एका तान्ह्या मुलीचें आहे. वैद्यकीय वाङ्मयांत ती मोनिका या नांवानें ओळखली जाते. जन्मतःच तिची अन्ननलिका बंद असल्यामुळें पोटाला छिद्र पाडून तिला अन्न द्यावें लागे. सुमारें सव्वा वर्षाची असतांना ती रुग्णालयांत आली तेव्हां अगदीं खंगलेली होती. हसत नसे, खेळत नसे. एंगल आणि त्यांचे सहकारी फ्रान्झ राइख्समन यांनीं तिची शुश्रूषा केली, आणि शुश्रूषा करीत असतांनाच तिच्या जठरांत पाझरणारा रस मोजला. ओळखीचा माणूस जवळ आला कीं मुलीचा चेहरा उजळे आणि जठररस वाढे. अनोळखी माणूस शेजारीं येऊन बसला कीं ती मान फिरवी, अंग सैल सोडी, डोळे मिटी. आणि त्याबरोबर जठररसाचा पाझर जवळजवळ थांबे. ओळखीचा चेहरा परत दिसतांच तो पुन्हा सुरू होई. हें संशोधन १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. बोलतांहि न येणाऱ्या लेकराचें दुःख मोजपात्रांत उतरलें होतें. त्याला भास म्हणण्याची सोय उरली नव्हती.

शस्त्रक्रियेनें त्या मुलीचा अन्नमार्ग नंतर सुधारण्यांत आला. ती मोठी झाली, तिचें लग्न झालें, तिला मुलें झालीं. एंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिची दखल घेणें सोडलें नाहीं. तिला तिच्या बाळपणीं छातीशीं धरून कोणी दूध पाजलें नव्हतें. आडवें ठेवून नळीनें अन्न दिलें होतें. आई झाल्यावर तिनेंहि आपल्या मुलांना छातीशीं न धरतां मांडीवर आडवें ठेवूनच दूध पाजलें. शब्दांत न सांठलेली आठवण देहांत सांठून राहते, याचें हें उदाहरण त्या शास्त्रांत वारंवार सांगितलें जातें.

पण एंगल यांच्या मतांची खरी कसोटी त्यांच्या स्वतःच्या देहावर लागली. त्यांचा जुळा भाऊ फ्रँक हा ड्यूक विद्यापीठांत अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा प्राध्यापक होता. जुलै १९६३ मध्यें तो हृदयविकारानें वारला. प्रियजनाच्या वियोगानंतर मनुष्य हताश होतो आणि त्या स्थितींत शरीर रोगाला बळी पडण्याचा संभव वाढतो, हा विचार एंगल व त्यांचे सहकारी आर्थर श्मेल त्या सुमारास मांडीत होते. भाऊ गेल्याला वर्ष पुरें होण्यापूर्वींच, जून १९६४ मध्यें, एंगल यांनाहि हृदयविकाराचा झटका आला. ते वांचले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षें त्यांनीं आपलीं स्वप्नें, आपल्या चुका, भावाच्या तिथीच्या सुमारास होणारी आपल्या मनाची अवस्था यांची नोंद ठेवली आणि १९७५ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. येथें एक विवेक अवश्य केला पाहिजे. जुळ्या भावांचें रक्त एक. हृदयविकार वंशांतूनहि येऊं शकतो. एका माणसाच्या झटक्यावरून सिद्धान्त सिद्ध होत नाहीं. पण जो वैद्य रोग्याला त्याच्या शोकाविषयीं विचारतो, त्यानें स्वतःचा शोकहि त्याच टेबलावर ठेवला, ही गोष्ट लहान नव्हे.

एप्रिल १९७७ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत एंगल यांचा गाजलेला निबंध आला. वैद्यकाला नव्या चौकटीची गरज आहे, असें त्यांनीं तेथें प्रतिपादिलें. रोग पेशींत असतो हें खरें, पण रोगी माणूस घरांत असतो, कामावर असतो, कोणाचा तरी कोणी असतो. म्हणून देह, मन आणि समाज या तिन्ही पातळ्यांवर रोग पाहिला पाहिजे. या दृष्टीला त्यांनीं जैव-मनो-सामाजिक असें नांव दिलें. १९८० सालीं त्यांनीं एका पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाचें उदाहरण दिलें. हृदयविकाराच्या दुसऱ्या झटक्यानें तो रुग्णालयांत आला. प्रथम त्याला बरें वाटूं लागलें. मग शिकाऊ वैद्यांनीं त्याच्या रोहिणींतून रक्त काढण्याचा प्रयत्न केला. तो पुनःपुन्हा फसला. रोगी कण्हत राहिला, कोणी त्याला धीर दिला नाहीं. आणि थोड्याच वेळांत त्याचें हृदय बंद पडलें. उपचारांनीं तो पुन्हा जिवंत झाला. वेदना, भीति आणि अपमान हींहि हृदयावर घाव घालतात. म्हणून रोग्याशीं नीट बोलणें हा सौजन्याचा नव्हे, तर उपचाराचाच भाग आहे, असें एंगल यांचें म्हणणें होतें.

मनःशारीर वैद्यकाचें यश सांगतांना त्याची चूकहि सांगितली पाहिजे. ज्या जठरव्रणाला अलेक्झांडर यांच्या परंपरेनें मानसिक संघर्षाचें फळ मानलें होतें, त्याच्या मुळाशीं बहुतेक ठिकाणीं एक जंतु असतो, हें ऑस्ट्रेलियांतील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांच्या १९८२ पासूनच्या संशोधनानें दाखविलें, आणि त्याबद्दल त्यांना २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यांना वर्षानुवर्षें मनाची तपासणी करून घ्यावी लागली होती, त्यांतील कित्येकांना दोन आठवड्यांच्या औषधांनीं बरें वाटलें असतें. एंगल यांच्या चौकटीविरुद्धहि आक्षेप आहेत. ती सर्व कांहीं सामावून घेते, पण कोणत्या रोग्याच्या बाबतींत कोणत्या पातळीला किती महत्त्व द्यावें हें सांगत नाहीं. म्हणून ती खोटी ठरविणेंहि अवघड. हा आक्षेप गंभीर आहे. आणि नेमका येथेंच दुसऱ्या चरित्राचा उपयोग होतो. कारण ग्रिफिथ एडवर्ड्स यांचें सारें आयुष्य मतें तराजूंत घालण्यांत गेलें.

एडवर्ड्स यांचा जन्म १९२८ सालीं हिंदुस्थानांत झाला. त्यांचे वडील कुमाऊंतील मुक्तेश्वर येथील सरकारी पशुवैद्यकीय संस्थेचे संचालक होते आणि गुरांच्या बुळकांडी रोगावरील लशीच्या संशोधनासाठीं प्रसिद्ध होते. हीच संस्था १८८९ सालीं प्रथम पुण्यांत सुरू झाली होती आणि १८९३ सालीं हिमालयांत हलविण्यांत आली होती. एडवर्ड्स ऑक्सफर्ड येथें व लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत शिकले आणि मग मनोविकारांसाठीं विख्यात असलेल्या मोड्सली रुग्णालयांत आले. तेथें ऑब्री लुइस यांची शिस्त होती: पुरावा दाखवा, मग बोला. १९६७ सालीं तेथें व्यसनसंशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि एडवर्ड्स त्याचे प्रमुख झाले.

मद्यपींना महिनोन् महिने रुग्णालयांत ठेवून बरें करतां येतें, असा त्या काळीं समज होता. एडवर्ड्स यांनीं याच समजाला हात घातला. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत त्यांनीं चाळीस रोगी घेतले. कांहींना रुग्णालयांत ठेवलें, कांहींना बाहेरून येऊं दिलें. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. पुढें १९७६ सालीं त्यांनीं मिल्टन ग्रॉस या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर मद्यावलंबनाचें वर्णन लिहिलें. पिण्याचा ठराविक साचा बनणें. इतर सर्व गोष्टींपेक्षां पिणें महत्त्वाचें होणें. तेवढ्याच नशेसाठीं जास्त दारू लागणें. दारू तुटली कीं कांपरें व घाम सुटणें. तो त्रास टाळण्यासाठीं पुन्हा पिणें. आपण विवश झालों आहोंत याची जाणीव असणें. आणि सोडून पुन्हा सुरू केल्यास जुनी अवस्था झपाट्यानें परत येणें, हीं त्याचीं सात अंगें. यांतील महत्त्वाचा मुद्दा असा कीं, हें अवलंबन कोणांत सौम्य, कोणांत तीव्र असतें. मद्यपी आणि बिनमद्यपी अशा माणसांच्या दोन जाती नाहींत. एकच उतार आहे, आणि त्यावर प्रत्येकजण कोठें तरी उभा आहे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणांत अवलंबनाची जी कल्पना पुढें रूढ झाली तिच्या मुळाशीं हें वर्णन आहे.

आणि मग १९७७ सालचा तो प्रयोग. एडवर्ड्स, जिम ऑर्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं शंभर विवाहित मद्यपी पुरुष निवडले. प्रत्येकाची आणि त्याच्या पत्नीची सुमारें तीन तास बारकाईनें चौकशी झाली. त्यानंतर दैवयोगानें दोन गट पाडण्यांत आले. पन्नासांना त्या काळीं ज्ञात असलेले सारे उपचार वर्षभर देऊं केले: मनोविकारवैद्यांच्या भेटी, औषधें, मद्यमुक्तांच्या मंडळींची ओळख, पत्नीसाठीं समाजसेविका, आणि जरूर पडल्यास रुग्णालयांत जागा. उरलेल्या पन्नासांना पत्नीसमवेत एकदांच बसवून सांगण्यांत आलें कीं, तुम्हांला दारूचा विकार आहे, ती सर्वस्वीं सोडली पाहिजे, आणि हें काम तुम्हां दोघांनाच करावयाचें आहे. त्यानंतर त्यांच्या पत्नीकडून महिन्याकांठीं फक्त हालहवाल विचारण्यांत येई. वर्ष संपल्यावर दोन्ही गटांची तुलना केली, तों महत्त्वाचा असा कोणताच फरक आढळला नाहीं.

हा निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास धैर्य लागतें. ज्या विभागाचें अस्तित्वच व्यसनोपचारांवर आधारलेलें, त्याच्याच प्रमुखानें हे उपचार एका सल्ल्याहून फारसे सरस ठरले नाहींत असें जाहीर करावें, हें त्याच्या व्यवसायबंधूंना कसें रुचावें? उपचार निरुपयोगी आहेत असा अर्थ कांहींनीं काढला. पण आंकडे तेवढें सांगत नाहींत. दुसऱ्या गटाला कांहींच मिळालें नव्हतें असें नाहीं. तीन तास कोणी तरी त्यांचें सर्व ऐकून घेतलें होतें. रोगाचें नांव स्पष्ट सांगितलें होतें. पतीला आणि पत्नीला एकत्र बसविलें होतें. आणि दर महिन्याला कोणी तरी विचारपूस करीत होतें. औषधांच्या ढिगाऱ्याखालीं दडलेली ही साधी गोष्टच कदाचित् उपचाराचा गाभा असेल, ही शंका त्या प्रयोगानें निर्माण केली. थोडक्या वेळांत दिलेल्या नेमक्या सल्ल्याचा पुढें जो अभ्यास सुरू झाला त्याला या शंकेनें मोठें बळ दिलें.

एडवर्ड्स यांच्या निःस्पृहतेचें आणखी एक उदाहरण आहे. मोड्सलीमधील त्यांचे ज्येष्ठ सहकारी डी. एल. डेव्हिस यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलें होतें कीं, ९३ व्यसनी रोग्यांपैकीं सात जण पुढें मर्यादेनें पिऊं लागले. मद्यपीला पुन्हा एक थेंबहि वर्ज्य, या रूढ मताला त्यामुळें जबर धक्का बसला आणि जगभर वाद माजला. एडवर्ड्स यांनीं त्याच सात माणसांचा पुन्हा शोध घेतला आणि १९८५ सालीं आपला वृत्तांत दिला. सातांपैकीं पांच जणांना मूळ पाहणीच्या काळांत आणि नंतरहि दारूचा गंभीर त्रास झालेला होता. संपूर्ण काळांत निर्धास्तपणें पिणारे फक्त दोनच निघाले. ज्या निष्कर्षानें आपल्याच संस्थेचें नांव जगांत गाजलें, तो आपणच तपासून दुरुस्त करावा, ही विद्येची खरी रीत होय. आणि ते दोघे अपवादहि त्यांनीं लपविले नाहींत.

१९७८ पासून २००४ पर्यंत एडवर्ड्स यांनीं व्यसनविषयक एका प्रमुख नियतकालिकाचें संपादन केलें. १९९४ सालीं निरनिराळ्या देशांतील विद्वानांसमवेत त्यांनीं मद्यनीतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दारूची किंमत, तिच्यावरील कर, दुकानांची संख्या आणि वेळा यांचा परिणाम साऱ्या समाजाच्या पिण्यावर होतो, असें त्यांत पुराव्यासह मांडलें आहे. एका खाटेपासून सुरू झालेली वाट राज्यकर्त्यांच्या दालनापर्यंत गेली. एंगल २६ नोव्हेंबर १९९९ रोजीं वारले. एडवर्ड्स सप्टेंबर २०१२ मध्यें.

दोन्ही चरित्रें एकत्र पाहिलीं म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. एंगल यांच्याजवळ व्यापक दृष्टि होती, पण मापाची उणीव होती. एडवर्ड्स यांच्याजवळ माप होतें, आणि त्या मापानेंच त्यांना दाखविलें कीं ऐकून घेण्याचें वजन औषधाइतकेंच भरतें. एक जण मनाच्या शोधांत निघाला आणि तान्ह्या मुलीच्या जठरापर्यंत पोंचला. दुसरा उपचारांची मोजणी करण्यास निघाला आणि पति-पत्नींशीं झालेल्या एका संभाषणापर्यंत येऊन थांबला. नुसती सहानुभूति पुरत नाहीं. जठरव्रणाच्या रोग्यांनीं तिची किंमत मोजली आहे. नुसती मोजणीहि पुरत नाहीं. कारण काय मोजावयाचें हें रोग्याचें ऐकल्यावांचून कळत नाहीं. रुग्णालयाच्या दारीं ते दोन रोगी आजहि उभे असतात. त्यांना दुर्गुणी वा ढोंगी ठरविण्यापूर्वीं त्यांचें पुरतें ऐकावें, आणि त्यांच्याविषयींचें आपलें मत, तें कितीहि आवडतें असलें तरी, तराजूंत घालून पहावें, एवढीच शिकवण या दोन जन्मांनीं मागें ठेवली आहे. ती आचरणांत आणण्यास मात्र प्रत्येक वैद्याला नव्यानेंच आरंभ करावा लागतो.